घाटात इंजिन ओरडतं, गाडी सरकत नाही. गिअरबॉक्सचं ऑइल बदलू का?

वाशिष्ठीकाठ · रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गाडीतलं मला फारसं कळत नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

मी चिपळूणला शाळेत शिकवते. आई कराडला एकटी असते, म्हणून दर शनिवारी शाळा सुटली की कुंभार्ली घाट चढून कराड आणि रविवारी संध्याकाळी परत. गेल्या दिवाळीत जुनी ऑटोमॅटिक सेडान घेतली. २०१६ ची, पेट्रोल. तेव्हा मीटरवर ६८,००० होते, आज ७४,३०० आहेत. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पुढचे चाळीस प्रतिसाद 'तुमची कंपनी, आमची कंपनी' यातच जातात, हे इथे पाहिलंय. सीव्हीटी आहे एवढं कागदावर आहे.

तक्रारी दोन. सकाळी गाडी काढली की पहिली दहा-पंधरा मिनिटं, वीस-तीसच्या वेगाला, खाली पन्हळी पत्रा अंथरलाय अशी थरथर जाणवते. पाय जरा दाबला की जाते. दुसरी जास्त काळजीची. पोफळी सोडून घाट लागला की इंजिन ओरडायला लागतं, इंजिनच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांच्या पुढे, आणि गाडी आपली बैलगाडी. मागचा ट्रकवाला हॉर्न मारतो तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तिघांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली. ज्यांच्याकडून गाडी घेतली ते म्हणाले, "मॅडम, लाइफटाइम ऑइल असतं, झाकण उघडायचंच नाही." कराडच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, "लाल ऑइल टाकून देतो, अठराशेत काम." आणि शेजारचे भाऊ म्हणाले, गिअरबॉक्स गेलाय, कोणाला कळायच्या आत विकून टाका.

तर ऑइल बदलायचं असतं की नसतं? आणि ते लाल ऑइल म्हणजे काय?

एकचलाइन · रविवार, रात्री १०.०५

लाइफटाइम म्हणजे लाइफटाइम. बनवणारे इंजिनिअर काय वेडे आहेत? चालतंय ते उघडू नका. माझ्या मॅन्युअल गाडीला दीड लाख किमी झाले, गिअरबॉक्सला हात लावलेला नाही.

नाशिकफाटा · रविवार, रात्री ११.२०

धागा पळवतोय, माफ करा. माझी एएमटी आहे. गिअर बदलताना दर वेळी नंदीबैलासारखी मान डोलते. दुकानात "ऑटोमॅटिकचं ऑइल द्या" म्हटलं तर त्याने लाल एटीएफची, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाची, बाटली दिली. ती महिनाभर डिकीत पडून आहे. घालू का?

गिअरकाका · सोमवार, सकाळी ६.१५

नाशिकफाटा, आधी तुम्ही. ती बाटली उघडू नका. दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाका.

आता ताई, तुमचं. मी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं काढली, त्यातली २० गिअरबॉक्सच्या टेबलावर. आता पुतण्याच्या गॅरेजात बसतो. बसतो म्हणजे खरंच बसतो. गुडघे गेले. खड्ड्यात पुतण्या उतरतो आणि मी वरून कान लावतो.

आमच्या वेळी गिअरबॉक्स एकाच जातीचा. दात्यांत दाते, खाली ऑइलचा डोह, वर दांडा. जुने ड्रायव्हर डबल क्लच मारून गिअर टाकायचे, खरखर झाली की शिव्या मात्र आम्हाला. तिथे ऑइलचं काम सरळ होतं, दात्यांच्या मध्ये राहायचं आणि उष्णता बाहेर न्यायची. तरी माणसं तिथेही चुकतात. गिअर ऑइलच्या जाती असतात, गिअरबॉक्सला जीएल-४ आणि मागच्या डिफरन्शियलला (दोन चाकांत जोर वाटणारे दाते) जीएल-५. डबे शेजारीशेजारी, दोन्हींवर ८०डब्ल्यू-९० छापलेलं. डिफरन्शियलचे दाते एकमेकांवर घासत सरकतात म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसचा मसाला साधारण दुप्पट असतो. 'आकडा मोठा म्हणजे माल भारी' असं समजून कोणीतरी तेच गिअरबॉक्समध्ये ओततो. तिथे गिअर टाकताना दात्यांचे वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा असतात. त्यांना गिअर धरायला थोडं घर्षण लागतंच. ऑइल फार निसरडं झालं की रिंग धरत नाही, आणि गंधक पितळ खातं ते वेगळंच. पुतण्याकडे अशी एक जीप आली होती. दुसरा गिअर टाकताना जात्यात खडा गेल्यासारखा आवाज. रिंग काढून हातात घेतली तर काळी पडलेली, आणि आतल्या बारीक रेघा नखाला लागेनात.

(डिफरन्शियलच्या ऑइलचा वास एकदा नाकात गेला की जन्मभर राहतो. सडक्या अंड्याबरोबर लसूण जाळावा तसा. आज मी कुठल्या टेबलावर होतो हे बायको दारातच ओळखायची आणि डब्बा बाहेरच ठेवायला लावायची.)

नाशिकफाटांची एएमटी म्हणजे आतून हाच गिअरबॉक्स. क्लच दाबणारा पाय आणि दांडा हलवणारा हात तेवढे यंत्राचे. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर ही आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत आली. त्यामुळे आत मॅन्युअलचंच गिअर ऑइल, तुमच्या पुस्तकात ज्या नंबरचं लिहिलंय त्याच नंबरचं. काही गाड्यांत त्या यंत्राच्या हातापायाला वेगळं ऑइल असतं, छोट्या डबीत. ते गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये मिसळत नाही. मान डोलणं हा तिचा स्वभाव आहे, ऑइलने जाणार नाही. गिअर बदलणार असं वाटलं की पाय किंचित उचला, निम्मं कमी होईल. आणि चढावर उभं राहायचं तर ब्रेक धरा. रेस देऊन गाडी तोलून धरलीत तर क्लच प्लेट जाळाल.

सगळा घोळ 'ऑटोमॅटिक' या शब्दाने घातलाय. क्लचचं पेडल नाही, एवढंच त्यातून कळतं. आत चार वेगवेगळी यंत्रं असू शकतात. एएमटी सांगितली. दुसरा टॉर्क कन्व्हर्टरवाला, खानदानी ऑटोमॅटिक. यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये दोन पंखे समोरासमोर असतात आणि भोवती तेल. एक पंखा तेल फेकतो, त्या झोताने दुसरा फिरतो. आतल्या क्लच प्लेटाही तेलाच्या दाबानेच आवळतात. म्हणजे तेल नुसतं वंगण नाही, जोर तेच वाहून नेतं. लाल एटीएफ ते याचं. तिसरा डीसीटी, एका घरात दोन गिअरबॉक्स. १, ३, ५ एका क्लचवर आणि २, ४, ६ दुसऱ्यावर. त्यात क्लच कोरडे असतील तर ऑइलची गोष्ट एक, तेलात भिजलेले असतील तर दुसरी. भिजलेल्यात क्लचची झीज तेलातच उतरते, म्हणून ते ठरल्या वेळी बदलावंच लागतं.

चौथी तुमची सीव्हीटी. तिच्यात पायरीपायरीचे गिअरच नाहीत. दोन पुल्या आणि त्यांवर पोलादी पट्टा. पिठाच्या गिरणीचा पट्टा डोळ्यांसमोर आणा, फक्त इथे पुलीच्या दोन्ही बाजू जवळ-लांब होतात. जवळ आल्या की पट्टा वर चढतो, लांब गेल्या की आत उतरतो, आणि त्यानुसार वेगाचं प्रमाण बदलत राहतं. पट्टा म्हणजे नखाएवढ्या पातळ पोलादी चकत्या, शेकडो, माळेसारख्या ओवलेल्या. गिरणीचा पट्टा ओढतो, हा मात्र चकतीने चकतीला ढकलत जोर नेतो. पुलीच्या बाजू पट्ट्यावर आवळून धरतो तो तेलाचा दाब. पोलादावर पोलाद, मधे केसाहून कितीतरी बारीक तेलाचा थर. त्या थराने झीज होऊ द्यायची नाही आणि पट्टा घसरूही द्यायचा नाही. एकाच तेलाकडून दोन उलट कामं.

कराडच्या माणसाचं लाल ऑइल कागदी अस्तराच्या क्लच प्लेटांसाठी बनवलेलं असतं. ते इथे घातलंत की दाबाखाली पट्टा घसरणार, पुलीच्या तोंडावर ओरखडा उठणार, आणि तो ओरखडा जगातलं कुठलंही ऑइल भरून काढत नाही. गिअरबॉक्स खाली येतो. अठराशेचं काम लाखाच्या घरात जातं. त्यामुळे तुमच्या गाडीचं ऑइल हा स्पेअर पार्ट समजा. 'साधारण तसलंच' बेअरिंग कोणी बसवतं का?

आता तुमच्या तक्रारी. चढावर इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागून येते, हे सीव्हीटीत थोडंफार असणारच. चार हजारांवर काटा स्थिर आहे आणि वेग हळूहळू वाढतोय, तर तो स्वभाव. पण पाय तसाच ठेवलेला असताना काटा मधेच पाचशे-हजाराने उसळतो, वेग आहे तिथेच, आणि काटा परत खाली येतो, तर ती घसर. पुढच्या शनिवारी बघा. एसी बंद करून एकदा, चालू ठेवून एकदा. आणि जायच्या आधी एअर फिल्टर काढून बघा. श्वासच कोंडलेला असेल तर गिअरबॉक्सच्या नावाने ओरडून काय उपयोग?

सकाळची थरथर मात्र मला ऑइलचीच वाटते. टॉर्क कन्व्हर्टर काही सीव्हीटीतही असतो, आणि वेग धरला की त्यातला एक क्लच त्याला घट्ट बांधून टाकतो. ऑइल म्हातारं झालं की तो क्लच एकदम न धरता पकड-सोड, पकड-सोड करतो. तोच तुमचा पन्हळी पत्रा.

एक विचारतो, राग मानू नका. गाडी पुरातली नाही ना? २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, त्यानंतर दोन महिने आमच्याकडे दुसरं काम नव्हतं. गिअरबॉक्सला वरच्या अंगाला हवा जायला बारीक नळी असते, पाणी तिच्या वर गेलं की आत शिरतं. पुतण्याने एका ऑटोमॅटिकचा खालचा बोल्ट सोडला आणि ट्रेमध्ये चक्क सोलकढी उतरली. रंग तोच, दाटपणा तोच. मालक बिचारा शेजारी उभा राहून विचारत होता, "हे असंच असतं ना?"

एकचलाइन · सोमवार, सकाळी ९.३०

म्हणजे माझं दीड लाखाचं बदलू?

गिअरकाका · सोमवार, सकाळी ९.५०

आधी बदला, मग वाद घालू. डब्यावरचं जीएल बघून.

हिमातला_हापूस · सोमवार, रात्री ८.१०

काकांना साष्टांग. मी मिशिगनमध्ये असतो, गाड्यांच्या तेलांच्याच कामात. बाहेर बर्फ आहे आणि इथे कुंभार्ली घाट वाचून घरची आठवण आली.

लाल रंगाबद्दल ताईंनी विचारलं होतं. तो नुसता रंग आहे. गाडीखाली डाग पडला तर इंजिनचं तेल की गिअरबॉक्सचं, हे पाहताक्षणी कळावं म्हणून मिसळलेला. गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही. सीव्हीटीची तेलं हिरवी, निळी, पिवळट अशी कुठल्याही रंगाची मिळतात. आणि लाल तेल काही हजार किमीत तपकिरी झालं तर घाबरूही नये, रंग आधी उडतो. वास जळका येत असेल तर मात्र घाबरावं.

हे सगळं सुरू झालं इथेच. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिलला हायड्रामॅटिक दिला, तो मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दुसऱ्या महायुद्धात तोच रणगाड्यांतही बसला. त्या काळापासून पुढे कित्येक वर्षं एटीएफमध्ये काय घालत असत माहितीये? स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल. उष्णतेत ते टिकायचं आणि क्लच प्लेटा गुळगुळीत धरायला मदत करायचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत देवमाशांच्या रक्षणाचा कायदा आला आणि ते थांबलं. मग पर्याय शोधताना तेलवाल्यांची चांगलीच दमछाक झाली. तर 'तेलाला काय, कुठलंही चालतं' असं कोणी म्हटलं की मला तो देवमासा आठवतो.

'सिंथेटिक म्हणजे भारी' हेही डोक्यातून काढा. २०१३ च्या नोव्हेंबरात फोक्सवागनने ७-स्पीड डीसीटीच्या जगभरातल्या लाखो गाड्या परत बोलावल्या. उष्ण, दमट हवेत आणि सतत थांब-चाल वाहतुकीत, आतल्या सिंथेटिक तेलामुळे विजेच्या भागात बिघाड होऊ शकत होता. उपाय काय केला? सिंथेटिक काढून साधं खनिज तेल भरलं.

आणि 'लाइफटाइम'बद्दल. झेडएफ ही जर्मन कंपनी अनेक महागड्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. त्यातल्या काही गाड्या 'आयुष्यभराचं तेल' म्हणून विकल्या जातात. पण झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी तेल बदला असं सांगते. गाडी विकणाऱ्याचं लाइफटाइम आणि गिअरबॉक्स बनवणाऱ्याचं लाइफटाइम यात एवढं अंतर आहे.

वाशिष्ठीकाठ · पुढचा रविवार, रात्री ८.५५

काका, रागवायचं काय त्यात? पुरातली नाही. गाडी तेव्हा सोलापूरला होती, विम्याचे कागद आहेत. तरी तुमचं वाचून मी सीटखालचे रूळ टॉर्च घेऊन बघितले. गंज नाही, एक बांगडीचा तुकडा मिळाला.

पुस्तक शोधलं. गाडीच्या कप्प्यात, प्लॅस्टिकसुद्धा न फाडलेलं! मागे तक्ता आहे. साध्या वापराच्या रकान्यात गिअरबॉक्सच्या ऑइलपुढे 'तपासा' एवढंच लिहिलंय. पण शेजारी 'खडतर वापर' असा दुसरा रकाना आहे, त्यात डोंगराळ रस्ता स्पष्ट लिहिलाय, आणि तिथे ४०,००० किमीला 'बदला' आहे. आधीच्या मालकाच्या फाइलमध्ये सर्व्हिसची पाच बिलं आहेत. इंजिन ऑइल आहे, ब्रेक पॅड आहेत, दोनदा पॉलिश आहे. गिअरबॉक्सचं एकही नाही.

घाटात काटा बघितला. बराचसा स्थिर असतो, म्हणजे स्वभावच म्हणायचा. पण हेळवाकच्या अलीकडे शेवटच्या दोन वळणांवर तीन वेळा उसळला, एसी चालू असताना. एअर फिल्टरमध्ये एक अख्खं वाळलेलं पान आणि मातीची खीर. बदलला, तीनशे ऐंशी रुपये. पिकअप तेवढ्यानेच सुधारला.

आता कराडमध्ये दुसरा एक जण म्हणतो, मशीन लावून गिअरबॉक्स आतून धुऊन देतो, जुनं सगळं निघेल. लावू का? नाहीतर रविवारी तुमच्या पुतण्याकडेच येते.

गिअरकाका · सोमवार, सकाळी ६.०५

मशीन नको. ७४,००० किमी एकदाही न बदललेला गिअरबॉक्स आहे, तळाशी बसलेला गाळ जोराने ढवळून बारीक झडपांत कशाला पाठवायचा? खालून सोडायचं, वरून भरायचं. एका वेळी सगळं निघत नाही, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत बरंच अडकून राहतं. म्हणून आता एकदा आणि हजारभर किमी चालवून परत एकदा. ऑइल थोडं जास्त जाईल, पण गिअरबॉक्सला धक्का बसणार नाही.

इकडे या किंवा कुठेही जा, पण समोर उभ्या राहा आणि हे बघा. गाडी सपाट जागी, चारी चाकं सारख्या उंचीवर. आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघायला लावा, सोडायचा नंतर. उलटं केलं आणि वरचा बोल्ट अडकला तर गाडी रिकाम्या गिअरबॉक्सने रॅम्पवर बसली. असं बसलेलं मी पाहिलंय, आणि त्या दिवशी पाना माझ्याच हातात होता, जाऊ द्या. निघालेलं तेल मापाच्या भांड्यात मोजायचं. बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतो, तो पांढऱ्या फडक्यावर पुसायचा. राखाडी, मऊ, काजळासारखा लेप निघाला तर ठीक, तेवढी झीज होतेच. बोटाला टोचणारी कीस किंवा चकाकणारा तुकडा निघाला तर तिथेच थांबा आणि मला फोटो टाका. बोल्टखालचा ॲल्युमिनियमचा वायसर नवा हवा, जुनाच उलटा करून बसवायचा नाही.

भरल्यावर 'दिसतंय भरपूर' असं चालत नाही. तुमच्या गाडीला तेलाची पातळी बघायची काडी आहे की ओसंडायचा बोल्ट (जास्तीचं तेल ज्यातून बाहेर येतं तो), ते पुस्तकात असेल. काडी असेल तर इंजिन चालू ठेवून बघायची की बंद करून, हे कंपनीनुसार बदलतं. ओसंडायचा बोल्ट असेल तर तेल किती गरम असताना बघायचं तो आकडाही दिलेला असतो, स्कॅनर लावून तेवढं तापमान आलं की बोल्ट उघडायचा. गार तेल कमी दिसतं, गरम फुगतं. जास्त भरलं तर फेस होतो, फेसात हवा, आणि हवेने पुली आवळली जात नाही. म्हणजे परत घसर.

आणि देव करो वेळ न येवो, पण घाटात गाडी बंद पडलीच तर ट्रकला दोरी बांधून ओढून नेऊ नका. ऑटोमॅटिकमध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि पुढची चाकं फिरतायत म्हणजे आतले भाग कोरडे घासतायत. सपाट गाडीवर चढवूनच न्यायची.

पुतण्याला सांगून ठेवतो. डबे तुम्ही कंपनीच्या दुकानातून आणा, आमच्याकडून घेऊ नका. उद्या काही झालं तर 'काकांनी काय घातलं' असा संशय नको.

वाशिष्ठीकाठ · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.१५

उशीर झाला, सहामाही परीक्षेचे पेपर होते.

त्या रविवारी काकांकडे गेले. काका खुर्चीत, पुतण्या खड्ड्यात, आणि मी मधे हातात पुस्तक धरून, पर्यवेक्षक असल्यासारखी. वरचा बोल्ट आधी सोडला (पंधरा मिनिटं आणि अर्धी बाटली गंजरोधक लागलं, काकांनी माझ्याकडे नुसतं बघितलं). मग खालचा. मी समजत होते तेल काळं असेल. होतं कोऱ्या चहासारखं, पण वास करपलेल्या तव्याचा. मोजलं तर तीन लिटर शंभर मिली निघालं. पुस्तकाप्रमाणे साधारण साडेतीन निघायला हवं होतं. चारशे मिली कुठे गेलं? काकांनी बॅटरी मारून दाखवलं, चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या तोंडाशी सील ओलं होतं, त्यावर धूळ चिकटून खपली झाली होती. गाडीखाली डाग कधी पडला नाही कारण थेंब पडायच्या आधीच धूळ तो पिऊन टाकायची. म्हणजे जुनं होतं तर होतंच, वर कमीही होतं. चढावर तेल मागे सरकलं की पंपाला हवा मिळत असेल, म्हणून शेवटच्या वळणांना उसळी, असं काकांचं म्हणणं.

लोहचुंबकावर राखाडी काजळ, दोन चिमटी. टोचणारं काही नाही. काकांनी ते बोटांत चोळून बघितलं आणि "पास" म्हणाले. आमच्या शाळेत हेडसर सही करतात तशा सुरात.

हिशेब: कंपनीच्या ऑइलचे चार डबे ३,५६०, सील आणि वायसर ४३०, मजुरी ७०० (काका घेत नव्हते, पुतण्याने घेतली). काल हजार किमी झाले म्हणून दुसऱ्यांदा बदललं. या वेळचं निघालेलं तेल पहिल्यापेक्षा फिकं होतं, वास जवळजवळ नाही.

सकाळची थरथर पहिल्या बदलानंतर आठवड्याभरात गेली. घाटात इंजिन अजून ओरडतं, पण काटा उसळत नाही, आणि आज हेळवाकच्या अलीकडे मीच एका ट्रकला मागे टाकलं. हॉर्न वाजवला नाही.

एक गोष्ट राहिलीय. साठच्या पुढे बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. तो आधीही असेल, थरथरीत ऐकू येत नसेल. वेगाबरोबर वाढतो. पाय काढला तरी तसाच राहतो.

गिअरकाका · सोमवार, सकाळी ६.१०

पाय काढला तरी तसाच म्हणजे बहुतेक चाकाचं बेअरिंग. गिअरबॉक्सचं असतं तर पाय काढताच आवाज बदलला असता. मोकळ्या रस्त्यावर डावीकडे-उजवीकडे हलकं वळवून बघा, एका बाजूला वाढेल आणि दुसऱ्या बाजूला कमी होईल. रविवारी या. येताना कोणालातरी चालवायला द्या आणि तुम्ही मागच्या सीटवर बसा. कुठल्या चाकाचं आहे ते पुढे बसून कळत नाही.